अर्ध्या मिनिटाचं पोहणं

२० नोव्हेंबर

चि. मत्स्यविदुषीस,
मामाचे न मागता पाठवलेले आशीर्वाद.

तू घर सोडून गेलीस त्याला वर्ष होत आलं. एवढ्या काळात तुला पत्र लिहायचं माझ्या मनात आलं नाही असं नाही. पण पत्राला विषय लागतो, आणि ‘बरी आहेस ना’ हा विषय होत नाही. आता विषय मिळाला आहे. विषय आहे शुक्राणू. मामाने भाचीला या विषयावर पत्र लिहावं, असा काळ येईल असं माझ्या गुरुजींना कुणी सांगितलं असतं तर त्यांनी कानावर हात ठेवले असते.

आधी माझं वर्तमान. शाळेने संस्कृत बंद केलं. वर्गात शेवटी तीन मुलं उरली होती, त्यातलं एक पंख्याखाली जागा मिळते म्हणून यायचं. तुझी आई म्हणाली, घरी बसून भिंतींना सुभाषितं ऐकवण्यापेक्षा इकडे ये, पत्रव्यवहार बघ. म्हणून मी तुझ्या बाबांच्या मत्स्यपालन केंद्रात आलो. पत्रव्यवहार फारसा नव्हताच. एके दिवशी तुझ्या बाबांनी तुझ्या खोलीची किल्ली माझ्यापुढे टाकली आणि म्हणाले, “पंडित, तू पुस्तकं वाचतोस ना? मग तिची पण वाच.”

त्यांनी मला पंडित म्हणणं हा टोमणा आहे की पदवी, हे त्यांच्या लग्नाला इतकी वर्षं झाली तरी ठरलेलं नाही.

तर मी तुझी पुस्तकं वाचली. मला आता एवढं कळतं: ट्राउट माशाच्या मादीत दोन एक्स गुणसूत्रं असतात, नरात एक एक्स आणि एक वाय. नर लवकर वयात येतात, काळवंडतात, एकमेकांना चावतात, आणि त्यांचं मांस पाणचट होतं. म्हणून सगळ्या माद्याच जन्माला आल्या तर बरं. त्यासाठी तू मादी पिल्लांना संप्रेरकाचं खाद्य देऊन नर बनवलंस. अंगाने नर, गुणसूत्रांनी मादी. अशा नराकडे वाय नाहीच, तेव्हा त्याची झाडून सगळी प्रजा मुलींचीच. ही युक्ती मला इतकी आवडली की मी जेवताना तुझ्या आईला समजावून सांगितली. ती म्हणाली, “आधी भात घे.”

ते तुझे नर तुझ्या बाबांनी ठेवले आहेत. कोपऱ्यातल्या हौदात, मोजकेच. तुला वाटलं असेल की तू गेल्यावर त्यांनी ते विकले. नाही. पण त्यांनी असंही जाहीर केलं आहे की या हंगामात यांच्याकडून एकही अंडं फळलं नाही तर तो हौद रिकामा करायचा. अंडी फळली नाहीत तर पुढची माद्यांची पिढी नाही, आणि ती नसली तर नवे नर बनवायला काहीच नाही. तुझी सगळी मेहनत तिथेच संपली.

आणि अंडी फळत नाहीत. पोट दाबलं तरी तुझे नर वीर्य देत नाहीत, त्यांना कापून वृषण काढावं लागतं, हे पुस्तकात आहे. हेच तू त्या दिवशी पाहुण्यांसमोर सांगायला गेलीस आणि तुझे बाबा हसले. मी तेव्हा चहा घेऊन उभा होतो. असो. आता कापतात तुझे बाबाच. मी तोंड फिरवतो. मग मी वीर्य नळीत घेतो, त्याला पातळ करणारं पण जागं न करणारं तुझं ते द्रावण घालतो, काचपट्टीवर एक थेंब ठेवून त्यात पाण्याचा थेंब सोडतो आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावतो. पाणी लागलं की शुक्राणू धावायला हवेत. धावत नाहीत. सांडलेल्या रव्यासारखे पडून राहतात. एकेका प्रयोगाला एकेक नर जातो, म्हणजे माझं अज्ञान फार महाग पडतं आहे.

तुझे बाबा एवढंच म्हणतात, “नकली तो नकलीच.” आणि खाद्याच्या खोलीत जातात. खाद्य मोजायला त्यांना अजूनही तेवढाच वेळ लागतो. तुझी आई अजूनही म्हणते की हा माणूस एकेक दाणा मोजत असावा.

काय चुकतं आहे ते सांगशील का? खोलीत गारठा फार आहे. भिंती ओल्या, कपडे ओले, मीही ओला. एक सोय मात्र उत्तम आहे: दारामागे तुझी ती गरम होणारी लोखंडी पेटी. त्यात मी पायमोजे ठेवतो. तुझ्या संशोधनाचा मला झालेला हा पहिला प्रत्यक्ष लाभ.

तुझा,
काचेला डोळा लावून बसलेला
मामा

ता. क. मी तुला लिहितो हे तुझ्या आईला माहीत नाही. तिने सांगितलं आहे की तिला माहीत नाही असंच लिही, आणि जाड स्वेटर घालतेस का ते विचार.


६ डिसेंबर

मौनव्रतधारिणीस,

उत्तर आलं नाही. हरकत नाही, आमच्या शास्त्रात मौन म्हणजे संमती असाही एक पक्ष आहे. मी तो धरून पुढे लिहितो.

आधी तुझ्या माशांबद्दल एक समाधान. मी त्यांच्याकडे बघत हौदाच्या काठावर बसतो तेव्हा मला वर्गातली एक गंमत आठवते. संस्कृतात बायकोला भार्या म्हटलं तर ती स्त्रीलिंगी. दारा म्हटलं की पुल्लिंगी, वर बहुवचनी. कलत्र म्हटलं की नपुंसकलिंगी. बाई तीच, घरात बसून भाजी निवडते आहे. मुलं हसायची, मी म्हणायचो, व्याकरणाला काही आश्चर्य वाटत नाही, तुम्ही कशाला वाटून घेता? तेव्हा गुणसूत्राने मादी आणि अंगाने नर असा मासा समोर आला तर निदान मी तरी त्याला नकली म्हणणार नाही.

पण म्हणणं वेगळं, दाखवणं वेगळं. म्हणून मी एक गोष्ट केली. ती सांगताना मला थोडा अभिमान वाटतो, तो तू सहन कर.

तुझे बाबा साध्या नराचं पोट दाबतात आणि वीर्य थेट पातेल्यातल्या अंड्यांवर सोडतात. ते पातेलं ते आधी असं पुसतात की त्यात तोंड दिसावं. एक थेंब पाणी राहिलं तर हंगाम वाया, हे त्यांनी पहिल्याच दिवशी मला दरडावून सांगितलं होतं. त्यांची अंडी दरवर्षी फळतात. तुझ्या नरांचं वीर्य मात्र कापून, वाटीत घेऊन, नळीत ओतून, द्रावण घालून मग अंड्यांपर्यंत पोचतं. म्हटलं, साध्या नरालाही याच वाटेने पाठवून बघू. एका दणकट, काळ्याकुट्ट, भांडकुदळ नराचं वीर्य मी तुझ्या नळीत घेतलं. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. सांडलेला रवा.

कळलं का? अस्सल नरही तुझ्या खोलीत आला की नकली होतो. म्हणजे दोष माशात नाही, वाटेत आहे. हे मी दाजींना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि काही बोलले नाहीत. त्यांना ओळखणाऱ्याला हा जवळजवळ टाळ्यांचा कडकडाट आहे.

आता चमत्कार. तीन दिवसांपूर्वी ते ट्रकबरोबर मासे पोचवायला गेले, रात्री मुक्कामालाच राहिले. जाण्यापूर्वी संध्याकाळी त्यांनी एक नर कापून वृषण माझ्यासाठी गार पेटीत ठेवलं होतं. सकाळी मी खोलीत गेलो. आदल्या दिवशीच्या नळ्या मोरीत तशाच पडलेल्या. म्हणून मी कपाटातून मागची एक जुनी नळी आणि वाटी काढली. सवयीने सगळं केलं, सवयीने डोळा लावला, आणि डोळा काढून पुन्हा लावला.

काय सांगू तुला! भांड्यातलं पाणी उकळी फुटायच्या बेतात आल्यावर जसं थरथरतं तशी ती काच थरथरत होती. सगळे एकाच वेळी कुठेतरी निघालेले, कुणालाही पत्ता माहीत नाही. आणि मी ‘ताई, ताई’ अशी हाक मारीपर्यंत सगळं शांत. अर्धा मिनिटसुद्धा नाही. पुस्तकात वाचलं होतं की माशाच्या पोटात ते झोपलेले असतात, पाणी लागलं की जागे होतात, आणि एकदाच धावतात. वाचणं निराळं. मी इतकी वर्षं क्षणभंगुरतेवर निबंध लिहून घेतले, मुलांना दहापैकी गुण दिले. क्षण मला परवा दिसला.

तुझी आई ओल्या हातांनी धावत आली. “काय झालं?” “पोहले.” “कोण?” “तुझे... कसं सांगू... तुझे नातजावई.” ती म्हणाली, सकाळी सकाळी काहीतरी बोलू नकोस.

नेमकी त्या दिवशी एकही मादी तयार नव्हती. म्हणून ते वीर्य झाकून गार पेटीत ठेवलं. दाजी परतले. दुसऱ्या दिवशी मादी तयार झाली. मी कालचं वीर्य चांगल्या स्वच्छ धुतलेल्या नळीत काढून घेतलं, त्यांना दाखवायला म्हणून काचपट्टी लावली, आणि पुन्हा रवा. त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळासुद्धा लावला नाही. माझ्या तोंडाकडे बघितलं आणि निघून गेले.

रात्रीत काय बिघडलं? तू इथे असतीस तर एव्हाना हसत असतीस. तिथे हसत असशील तर निदान कळव.

तुझा,
क्षणिक यशस्वी
मामा


१८ डिसेंबर

एकवाक्यवादिनीस,

तुझं पत्र मिळालं. त्याला पत्र म्हणायचं हा माझा मोठेपणा. ना मायना, ना तारीख, ना नमस्कार. पोस्टकार्डाच्या मधोमध एक ओळ: ‘मामा, त्या पेटीत मोजे ठेवता, मग नळ्या कुठे वाळवता?’

मी ते उभ्याने वाचलं. मग बसलो. मग उठून मोजे काढले.

ती नळ्या वाळवायची पेटी आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. नळ्या मला फळीवर उलट्या मांडलेल्या मिळतात, रोज सकाळी, लखलखीत. आत ओल असते, पण तिथे कुठे ओल नसते? मला वाटायचं गारठ्याचं दव आहे. वीर्य नळीत पडलं की त्या दोन थेंबांनी जागं होतं, तिथल्या तिथे धावून दमतं, आणि मी काचपट्टीवर ठेवून पाण्याचा थेंब सोडतो तेव्हा त्यांची शर्यत कधीच आटोपलेली असते. मी रोज शर्यत संपल्यावर मैदानात पोचत होतो. कपाटातली ती जुनी नळी तेवढी कोरडी होती.

आता तू विचारशील, नळ्या धुतं कोण? मी समजत होतो तुझी आई. आज विचारलं. ती म्हणाली, “ती गेल्यापासून मी त्या खोलीत पाऊल टाकलेलं नाही. आणि मला माझी भांडी पुरेशी आहेत.”

तेव्हा मी अन्वय आणि व्यतिरेक मांडून बसलो. आमच्या तर्कात कारण शोधायची ही रीत आहे: अमुक असतं तेव्हा काय होतं, आणि अमुक नसतं तेव्हा काय होत नाही. दाजी असतात तेव्हा शुक्राणू मरतात. दाजी नव्हते त्या एका सकाळी जगले. दाजी परतले, पुन्हा मेले. खोलीच्या किल्ल्या दोन, एक माझ्याकडे.

निष्कर्ष मला आवडला नाही. इथे एक वाक्य लिहिलं होतं, ते खोडलं आहे. कागद उजेडासमोर धरून वाचायचा प्रयत्न करू नकोस. मी शिक्षक होतो, मला ती युक्ती माहीत आहे आणि मी दोनदा खोडलं आहे.

त्यांचा तुझ्यावरचा राग एवढा आहे का, एवढंच मी आज जेवताना त्यांच्याकडे बघत विचार करत होतो. त्यांनी विचारलं, “काय पंडित, माझ्या तोंडावर काही लिहिलंय?” मी म्हटलं, मीठ द्या.

उद्या लवकर उठणार आहे.

तुझा,
मोज्यांविना
मामा


२७ डिसेंबर

प्रिय भाची,

आज मायन्यात गंमत नाही. विचार करून लिहितो आहे, दोन कागद फाडून झाले.

त्या दिवशी मी उजाडताच खोलीकडे गेलो. दार लोटलेलं, आत दिवा. तुझे बाबा मोरीपाशी उभे. बाह्या कोपरापर्यंत वर, हात गार पाण्याने लाल झालेले. ते तुझ्या नळ्या धूत होते. एकेक नळी, बारीक ब्रश आत घालून, फिरवून. मग नळाखाली धरून एकदा. मग दुसऱ्यांदा. मग तिसऱ्यांदा. मग नळी दिव्यासमोर धरून एक डोळा मिटून बघायचं, आणि फळीवर उलटी ठेवायची. वापरलेल्या धुऊन झाल्या, मग ज्यांना हात लागला नव्हता त्याही घेतल्या.

माझी चाहूल लागली. ते चोरी पकडल्यासारखे दिसले नाहीत. अवघडलेले दिसले, एवढंच. म्हणाले, “ती तीनदा धुवायची. दोनदा नाही, तीनदा. मी बघितलंय.”

मी म्हटलं, “कुठून?”

त्यांनी हनुवटीने खिडकीकडे दाखवलं. खिडकीपलीकडे अंगण, अंगणापलीकडे खाद्याची खोली, तिची खिडकी. मग पुन्हा नळाकडे वळले आणि पाठमोरे बोलले, “परत आली तर म्हणायला नको की बापाने वस्तू घाण ठेवल्या.” थोड्या वेळाने म्हणाले, “हे तिला लिहायचं नाही हं. तू लिहितोस ते मला माहीत आहे.” या घरात माझी पत्रं सोडून सगळं गुप्त राहतं.

मी शब्द दिला की लिहिणार नाही. म्हणून हे मी तुला सांगत नाही. फक्त एका खिडकीचं वर्णन करतो. वर्णन करणं हा आमच्या अभ्यासाचा भाग होता.

ते गेल्यावर मी खाद्याच्या खोलीत गेलो आणि खिडकीशी उभा राहिलो. तिथे वजनकाटा आहे. काट्यासमोरची फरशी एका जागी झिजली आहे, माणूस एकाच ठिकाणी रोज उभा राहिला की झिजते तशी. तिथून तुझ्या खोलीतली मोरी दिसते, नळ दिसतो, टेबलाची कड दिसते, आणि टेबलाशी बसणाऱ्या माणसाची पाठ दिसेल. दारामागचा कोपरा दिसत नाही. पेटी दिसत नाही. नळ्या धुताना दिसतात. धुतल्यावर तू त्या घेऊन कुठे जायचीस, ते त्या खिडकीतून कुणालाच दिसणार नाही.

जाताना उंबरठ्यावर तू त्यांना म्हणाली होतीस, ‘बाबा, माझं काम तुम्ही एकदा तरी बघितलंत का?’ त्यांनी उत्तर दिलं नव्हतं. त्याचं उत्तर मला त्या खिडकीशी मिळालं, आणि ते अर्धं आहे. त्यांनी रोज बघितलं. जेवढं खिडकीतून दिसतं तेवढं.

आता माझी अडचण. स्वतःच्या पातेल्यात थेंब राहू न देणारा हा माणूस तुझ्या नळ्यांत रोज सकाळी आपल्या हाताने पाणी घालतो आहे. त्यांना वाटतं, त्यात ते द्रावण पडायचंच आहे, ते पाण्यासारखंच दिसतं, मग ओल्या नळीने काय होतंय? हे त्यांना सांगायचं म्हणजे तुझे नर एकामागून एक त्यांच्याच मायेने वाया गेले हे सांगायचं. मी चार वेळा तोंड उघडलं. चारही वेळा हवामानाबद्दल बोललो.

मग म्हटलं, न सांगता भागवू. काल दाजी नळ्या धुऊन गेल्यावर मी त्या पेटीत घालून खडखडीत वाळवल्या आणि पुन्हा फळीवर मांडल्या. मादी तयार होती. दाजींनी वृषण काढलं, मी हात पुढे केला, आणि त्यांनी फळीवरची नळी उचलून मला देण्याआधी नळाखाली धरली. “धूळ बसली असेल,” म्हणाले. माझ्या डोळ्यांदेखत. मी ‘दाजी’ एवढंच म्हणू शकलो. ते म्हणाले, “काय?” मी म्हटलं, काही नाही.

आणखी एक नर गेला. आता दोन उरले आहेत. जाणत्यांच्या अंदाजाने शेवटच्या माद्या नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात तयार होतील, मग हंगाम संपला. आणि हौद रिकामा करायचं ते बोलले आहेत. ते बोललेलं करतात, तू त्यांचीच मुलगी आहेस, तुला माहीत आहे.

म्हणून हे माझ्याच्याने होणार नाही. मी सांगितलं तर तो आरोप होईल. तू सांगितलंस तर ते काम शिकवणं होईल. त्यांना लिही. मला नाही, त्यांना. रागाने लिहिलंस तरी चालेल. एकाच ओळीत लिहिलंस तरी चालेल, ती तुझी शैलीच आहे. पण पाकिटावर त्यांचं नाव घाल.

मामा

ता. क. आई विचारते स्वेटरचं काय झालं. तिला अजूनही माहीत नाही की मी तुला लिहितो.


९ जानेवारी

चि. पत्रलेखिकेस,
अनेक उत्तम, उत्तमोत्तम आणि उरलेसुरले सर्व आशीर्वाद.

पाकीट सोमवारी आलं. पोस्टमनने अंगणात हाक मारली, मी घेतलं, बघितलं तर नाव माझं नव्हतं. जाड होतं. मला पोस्टकार्ड आणि त्यांना जाड पाकीट, हा दुजाभाव मी नोंदवून ठेवला आहे.

त्यांनी ते हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं, खिशात घातलं, आणि म्हणाले, खाद्य मोजायचं राहिलंय. सकाळचं खाद्य तेव्हा माशांच्या पोटात होतं. तरी गेले. आम्ही दोघं स्वयंपाकघरात बसून राहिलो. तुझ्या आईने एकच मेथीची जुडी दोनदा निवडली. शेवटी म्हणाली, “आज एकेक दाणा धुऊन मोजतायत वाटतं.” आणि नाक ओढलं, ते कांद्यामुळे असं तिचं म्हणणं आहे. मेथीला कांदा लागतो, पण तो अजून चिरलेला नव्हता.

दाजी आले ते सरळ माझ्यापुढे उभे राहिले. “पंडित, ती पेटी कुठली?”

मी दाखवली. त्यांनी दार उघडलं, वाकून आत बघितलं, आणि म्हणाले, “मोज्यांचा वास येतोय.” बाकी काही नाही. मग पाठ माझ्याकडे करून पेटीचं दार उघड, मीट, उघड, मीट करत राहिले. म्हणाले, “माझ्या पातेल्यात कुणी थेंब पाडला तर मी त्याला घराबाहेर काढीन. आणि इथे मी...” ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही, मीही केलं नाही. शिक्षक असूनही.

काल मादी तयार झाली. नळ्या त्यांनीच धुतल्या, तीनदा. मग स्वतःच्या हाताने पेटीत ठेवल्या, आणि त्या गरम होईपर्यंत पेटीसमोर स्टूल टाकून बसले, जणू आत कुणाची परीक्षा चालू आहे. मग एकेक नळी काढून, आत बोट न लावता, दिव्यासमोर धरून बघितली. ओल नाही. नर कापला. एक उरला आहे, तो तुझ्यासाठी ठेवायचा म्हणाले. मी वीर्य नळीत घेतलं, द्रावण घातलं, काचपट्टी लावली, आणि डोळा लावणार तेवढ्यात त्यांनी मला खांद्याने बाजूला केलं.

त्यांना सूक्ष्मदर्शकात बघता येत नाही. दोन्ही डोळे घट्ट मिटून बसले होते. मी म्हटलं, दाजी, एक उघडा. उघडला. मी पाण्याचा थेंब सोडला.

त्यांचा श्वास थांबलेला मला ऐकू आला. हात टेबलाच्या कडेवर. मग एकदम म्हणाले, “थांबले. अरे, थांबले. मी काय केलं?”

मी म्हटलं, “काही नाही केलंत. त्यांचं एवढंच असतं.”

“एवढंच?”

“एवढंच. तेवढ्यात अंडं गाठायचं.”

त्यांनी थांबलेल्या काचेला पुन्हा डोळा लावला. मग विचारलं, “हे तिला रोज दिसायचं?”

मी हो म्हटलं. मग त्यांनी उठून आपलं पातेलं आणलं, पुसलेलं असूनही पुन्हा पुसलं, अंडी त्यात घेतली, आणि नळीतलं वीर्य वरून असं ओतलं की मी पोथीवर फूलसुद्धा तसं ठेवत नाही. मग पाणी. मग हाताने, बोटं पसरून, हलकेच ढवळलं. त्या वेळी ते काहीतरी पुटपुटत होते. मी कान दिला. तुझ्या पत्रातलं असावं, क्रमाने: ‘आधी वीर्य, मग द्रावण, मग अंडी, पाणी सगळ्यात शेवटी.’ पाठ केलं आहे. तीस वर्षं पातेल्यात तेच करणारा माणूस.

पत्रात आणखी काय होतं ते मी विचारत नाही. फक्त इथे थोडी जागा सोडतो, तुला सांगावंसं वाटलं तर.


नाही ना? असो.

तुझा,
दुजाभाव सोसणारा
मामा


३० जानेवारी

चि. बहुकन्यावतीस,

अंड्यांना डोळे आले.

दाजींनी ट्रे दिव्याखाली धरला आणि मला हाक मारली. प्रत्येक नारिंगी मण्यात दोन काळे ठिपके. काही अंडी पांढरी पडली, ती त्यांनी चिमट्याने काढली. पण बाकीच्यांकडून आपल्याकडे बघणं चालू आहे. सगळ्या मुलीच आहेत का, हे आज सांगता येत नाही. पुढे सांगता येईल. तोपर्यंत मी ‘त्या’ म्हणतो, दाजी ‘ते’ म्हणतात, तुझी आई ‘ही पोरं’ म्हणते. व्याकरणाची तिन्ही लिंगं या घरात सुखाने नांदत आहेत.

हौद रिकामा होणार नाही. तसं जाहीर झालेलं नाही. फक्त काल त्यांनी त्या हौदाची गळकी तोटी बदलली. नकली हा शब्द मी महिनाभर ऐकलेला नाही. परवा एक ग्राहक त्या हौदाकडे बघून विचारत होता, हे कोणते? दाजी म्हणाले, “माझ्या मुलीचे.” ग्राहक हसला नाही. हसला असता तर त्याचं काय झालं असतं याची मला कल्पना आहे.

तू केव्हा येणार, हे मी विचारत नाही. आईने विचारायला सांगितलं आहे, पण तिला तर मी पत्र लिहितो हे माहीतच नाही. तुझ्या त्या एका उरलेल्या नराला रोज खाद्य दाजी स्वतः घालतात. तो माजला आहे.

एक गोष्ट मात्र सांगायची राहिली. सकाळी मी तुझ्या खोलीत गेलो तर दारामागचा कोपरा रिकामा. मी म्हटलं, पेटी विकली की काय. नाही. त्यांनी एकट्याने ती ढकलत टेबलाच्या पलीकडे नेली होती. फरशीवर ओरखडे आहेत. मी म्हटलं, दाजी, तिथे कशाला, वायर पुरत नाही. म्हणाले, “वायर लांब करता येते.”

मी खाद्याच्या खोलीत जाऊन झिजलेल्या फरशीवर उभा राहिलो. मोरी, नळ, टेबल, आणि आता पेटीही. सगळं दिसतं. खिडकीची काच त्यांनी धुतली होती, आणि मग कोरड्या फडक्याने पुसली होती.

तुझा,
मामा